सब्जाला मंजिरी आली, आता काय करू?

परसबाग : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात उन्हाळी सरबतांबद्दल लिहिताना मी सहज म्हणून गेले होते, की सब्जा दर वेळी विकत कशाला आणायचा, एक कुंडी लावा की. त्यावर इतकी पत्रं आली आहेत की गुलाब, लिंबू आणि कढीपत्तावाल्यांनी या वेळी मला माफ करावं. आजचा सगळा सदराचा मजकूर सब्जाचा. निम्म्याहून जास्त पत्रांत फिरून फिरून एकच विचारणा आहे : ‘पांढरी फुलं आली, आता काय?’ खरं सांगायचं तर या झाडाची सगळी शेती त्या एका प्रश्नात आहे. तुम्हाला पाला हवा, बी हवं की तेल, हे आधी ठरवा; मग फुलांचं काय करायचं ते आपोआप ठरतं.

काकू, सप्रेम नमस्कार. किराणा दुकानातून सब्जा आणला. मेथी भिजवतो तसा रात्रभर भिजवून कुंडीत घातला. सगळा गिळगिळीत गोळा झाला, आठवड्यात त्यावर बुरशी आली आणि एकही रोप उगवलं नाही. दुकानातलं बी भाजलेलं असतं का?
*एक वाचक भगिनी, चिपळूण*

नाही हो ताई, भाजलेलं नसतं. बी जुनं नसेल तर दुकानातला सब्जाही चांगला उगवतो. सांगलीत मी गणपती पेठेतून आणलेल्या पुडीतलंच बी पेरते. घोळ झाला तो भिजवण्यात.

एक दाणा बशीत घ्या, त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका आणि भिंग असेल तर भिंगातून बघा. काळ्या दाण्याभोवती बघता बघता धुरकट पांढरं वलय चढतं. दाण्याच्या सालीतला चिकट पदार्थ पाणी पिऊन फुगतो, त्याचं ते आवरण. मोकळ्या जमिनीत हे आवरण बीला मातीशी चिकटवून ठेवतं आणि ओल धरून ठेवतं. पण मूठभर बी एकत्र भिजवलं की आवरणाला आवरण चिकटतं, मधल्या दाण्यांना हवा मिळत नाही आणि सगळं कुजतं. शिवाय तो गोळा तुम्ही मातीवर पसरणार तरी कसा?

कोरडंच पेरा. चिमूटभर बीत मूठभर कोरडी बारीक वाळू मिसळा, म्हणजे ते सगळीकडे सारखं पडेल. निम्मी माती, उरलेल्यात निम्मं कुजलेलं शेणखत आणि निम्मी वाळू, असं मिश्रण कुंडीत भरून ओलं करा, वर बी भुरभुरवा आणि चाळलेल्या मातीचा जेमतेम अर्धा सेंटिमीटर थर द्या. त्याहून खोल गेलं तर एवढुसा अंकुर वर येता येता थकतो. झारीने पाणी घालू नका, फवारा. हवा उबदार असेल तर आठवड्याच्या आत हिरवे ठिपके दिसायला लागतात.

आणि तुम्ही चिपळूणच्या, म्हणून वेगळं सांगते. जून-जुलैत उघड्यावर पेरलंत तर रोपं बुडातून काळी पडून आडवी होतील. कोकणातल्या पावसाशी सब्जाचं अजिबात जमत नाही. पागोळी पडणार नाही अशा जागी, पडवीच्या कडेला कुंडी ठेवा. नाहीतर सरळ पाऊस ओसरल्यावर पेरा. फेब्रुवारीतली पेरणी तर तुमच्याकडे उत्तम.

आमच्या बाल्कनीतला सब्जा तीन महिने छान होता. मग मंजिऱ्या आल्या, पानं बारीक झाली आणि झाड खालून वाळत गेलं. खत दिलं, पाणी वाढवलं, काही उपयोग नाही. काय कमी पडलं?
*एक वाचक, कोथरूड, पुणे*

काहीच कमी पडलं नाही. ते झाडच तेवढ्या आयुष्याचं. अंगणातली तुळस चार वर्षं राहते म्हणून आपण सब्जाकडूनही तीच अपेक्षा करतो. सब्जा हंगामी आहे. फुललं, बी धरलं, संपलं. बी धरायला लागलेल्या झाडाला खत घालून पुन्हा पाल्यावर आणता येत नाही. पाणी वाढवल्याने मात्र मुळं कुजतात. ते तेवढं थांबवा.

तुम्हाला चटणीला, सॅलडला पानं हवी असतील तर फुलापर्यंत पोहोचूच द्यायचं नाही. रोप वीतभर झालं की वरचा शेंडा खुडा. कुठे खुडायचा ते नीट बघा. सब्जाची पानं समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक इवलासा कोंब दबा धरून बसलेला असतो. अशा जोडीच्या किंचित वर कापलंत की दोन्ही बगलांतले कोंब सुटतात, एका काडीच्या दोन होतात. नुसती पानं ओरबाडून काडी तशीच उभी ठेवणारे पुष्कळ आहेत. मग झाड उंच, किडकिडीत होतं आणि लवकर फुलावर येतं. मंजिरीचा हिरवा कोन शेंड्यात दिसला रे दिसला की खालच्या दोन जोड्यांसकट उडवा. हे हौसेचं काम नाही, दर आठवड्याचं आहे.

आणि कापलेले शेंडे फेकू नका. फुल न आलेला बोटभर शेंडा घ्या, खालची पानं काढा, पाण्याच्या ग्लासात उजेडात ठेवा. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं फुटतात. जुनं झाड दमायच्या आत नवं तयार.

मी बी.एस्सी.ला आहे. सब्जाच्या फुलांवर सकाळी मधमाश्या फार येतात. आजी म्हणते, सब्जा तुळशीवृंदावनाजवळ लावू नकोस, तुळस बिघडेल. यात तथ्य आहे का?
*एक विद्यार्थिनी, कोल्हापूर*

आजीला सांग, तुळशीला काही होत नाही. तुळस आणि सब्जा एकाच प्रजातीतले असले तरी जाती वेगळ्या, त्यांचा सहजासहजी संकर होत नाही. आणि समजा परागाची सरमिसळ झालीच, तरी फरक पडेल तो पुढच्या पिढीच्या बीत. उभ्या झाडाला कसा बाट लागेल? हां, सब्जाशेजारी इटालियन बेसिल किंवा थाई बेसिल लावलंस तर मात्र बीची खात्री नाही. ते सगळे एकाच जातीचे, माश्या या फुलावरून त्या फुलावर जाणारच. बी धरायचं असेल तर त्यातलं एकच फुलू दे.

आता तू विज्ञानाची आहेस, तर एक फूल हातात घेऊन बघच. पुदिन्याच्या कुळाच्या खुणा सगळ्या सापडतील : चौकोनी दांडा, समोरासमोर पानं, ओठ असलेलं फूल. मंजिरीवर फुलं मजल्यामजल्याने असतात, बहुधा एका मजल्यावर सहा. पांढऱ्या फुलाचा वरचा ओठ चार पाळ्यांचा, खालचा सलग. त्यातली मजा पुंकेसरांची आहे. या कुळातल्या पुष्कळ फुलांत पुंकेसर वरच्या ओठाखाली लपलेले असतात आणि पराग माशीच्या पाठीला लागतो. सब्जात, आणि तुळशीतही, चारही पुंकेसर खालच्या ओठावर टेकून बाहेर डोकावतात, त्यामुळे पराग लागतो तो माशीच्या पोटाला. सकाळी उन्हं तापायच्या आत सातेरी किंवा ती छोटी फुलोरी माशी बसली की नीट बघ, खालचा ओठ तिच्या वजनाने वाकतो.

फूल गळलं की मागे राहतो तो वाटीसारखा पुष्पकोश. तो खाली तोंड करून लोंबतो आणि त्याच्या तळाशी चार दाणे धरतात. चारच, जास्त नाहीत. म्हणून बी गोळा करायला मंजिऱ्या भरपूर लागतात.

मॅडम, अर्धा एकर सब्जा करावा म्हणतो. एक कंपनीवाले आले होते. बी-बियाणं आमच्याकडून घ्या, माल आम्हीच उचलू म्हणतात. सोयाबीनपेक्षा परवडेल का? पूर्ण माहिती द्यावी.
*एक शेतकरी, धाराशिव जिल्हा*

दादा, पहिला प्रश्न मी तुम्हाला विचारते : ते माल म्हणतात म्हणजे काय? बी की तेल? कारण दोन्ही पिकं वेगळी समजा.

तेलासाठीचा सब्जा ऐन फुलात असताना कापतात, बी भरायची वाट बघत नाहीत. तो पाला वाफेवर चढवून तेल काढायचं, म्हणजे तेल काढायचं युनिट जवळ हवं. हिरवा पाला ट्रकमध्ये भरून लांब नेईपर्यंत गरम होतो आणि वाया जातो. लखनौच्या केंद्रीय औषधी आणि सुगंधी वनस्पती संस्थेने, म्हणजे सीमॅपने, तेलासाठी ‘सीम-सौम्या’सारखे वाण दिलेले आहेत, साधारण तीन महिन्यांत येणारे. उत्तर प्रदेशात हे पीक तेलासाठी घेतात. तुमच्या तालुक्यात युनिट नसेल तर हा विषय इथेच संपवा.

बीचं पीक तुम्हाला जमण्यासारखं आहे. अर्ध्या एकराला शंभर ग्रॅमच्या आसपास बी पुरतं, पण ते गादीवाफ्यावर रोपं करून लावायचं. चार-पाच आठवड्यांची रोपं ओळीत दीड फूट आणि रोपांत एक फूट, अशी लावा. पाणी साचणारी काळी जमीन असेल तर सरीच्या बगलेला लावा. पहिला महिनाभर खुरपणी चुकवू नका, रोपं लहानपणी तणापुढे टिकत नाहीत. पुढे ती स्वतःच जमीन झाकतात.

खरा धोका काढणीला आहे. मघाशी चिपळूणच्या ताईंना जो चिकट गोळा सांगितला, तोच तुमच्या शेतात होऊ शकतो. पिकलेल्या मंजिरीवर पाऊस पडला तर बी कोशातल्या कोशातच फुगतं, एकमेकाला चिकटतं, काळपट पडतं. ते वाळवलं तरी व्यापारी घेत नाही. म्हणून जूनच्या पहिल्या पावसाला पेरायची घाई नको. रोपवाटिका जुलैअखेर टाका, लागण ऑगस्टअखेर करा, म्हणजे बी भरेल तेव्हा परतीचा पाऊस गेलेला असेल. मंजिरीचा खालचा निम्मा भाग तपकिरी झाला की सकाळी दव असताना कापणी करा. उन्हात कापलंत तर खालचे दाणे शेतातच गळतात. आणि बी चिकट होण्याइतकं दव नसतं, त्याची भीती बाळगू नका.

परवडेल का, याचं उत्तर भावावर आहे आणि भाव मी सांगणार नाही, तो तुम्ही स्वतः काढा. मध्य प्रदेशात नीमचच्या बाजारात औषधी पिकांचा मोठा व्यापार चालतो, तिथल्या दोन-तीन आडत्यांना फोन करून आजचा दर विचारा आणि कंपनीवाल्यांच्या दराशी ताडून बघा. उचलू, बघू, घेऊ हे तोंडी नको. दर, प्रत, उचलायची मुदत हे कागदावर सही-शिक्क्यासह द्या म्हणावं. आमच्या ओळखीत सफेद मुसळी या औषधी पिकाच्या वेळी अशाच तोंडी शब्दावर लोकांनी घरातलं सोनं मोडलं होतं. बियाण्याचाच भाव जो अव्वाच्या सव्वा लावतो, त्याचा धंदा बियाणं विकण्याचा, माल उचलण्याचा नव्हे. माझं ऐकाल तर या वर्षी दोन गुंठे करा, बाकी सोयाबीन.

पानांवर बारीक पांढरट ठिपके, मग सगळं पान फिकट. पानाखाली काळे ठिपके दिसतात. बुरशीनाशक मारलं, फरक नाही.
*एक वाचक, सोलापूर*

फरक कसा पडेल, ती बुरशी नाहीच. पान उलटं करा आणि उजेडात तिरपं धरा. तिळाएवढे किंवा त्याहून लहान, चपटे, जाळीदार पंखांचे ढेकूण दिसतील आणि सोबत त्यांची काटेरी काळी पिल्लं. ते काळे ठिपके म्हणजे त्यांची विष्ठा. तुळस आणि सब्जा या दोघांवरही हे येतात. रस शोषून पान पांढरं पाडतात.

जास्त लागलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टात नको. उरलेल्यावर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थेंबभर साबण घालून, पानांच्या खालून, संध्याकाळी फवारा. आठ दिवसांनी पुन्हा. त्या काळात पानं खाऊ नका; निंबोळीचा कडवटपणा तुम्हाला तशीही खाऊ देणार नाही. रासायनिक कीटकनाशक फुलावर आलेल्या झाडावर मारू नका, माश्या मरतात.

काकू, इथे उन्हाळ्यात अंगणात बेसिल लावते. दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पानं शिरांच्या मध्ये पिवळी पडतात, खाली करडी लव येते आणि दोन आठवड्यांत सगळं संपतं. भारतातून सब्जाचं बी आणून लावू का?
*एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी*

करडी लव म्हणालात तिथेच निदान झालं. हा केवडा रोग, इंग्रजीत डाउनी मिल्ड्यू म्हणतात तो. अमेरिकेत तो २००७ मध्ये फ्लोरिडात सापडला आणि मग सगळीकडे पसरला. सुरुवातीला पान पिवळं दिसतं म्हणून लोक खत घालत बसतात. त्याचे बीजाणू वाऱ्याने येतात आणि रात्रभर ओल्या राहिलेल्या पानावर रुजतात. तेव्हा पाणी सकाळी, बुडाशी द्या, रोपं दाटीने लावू नका आणि पहिलं पिवळं पान दिसताच चांगली पानं सगळी तोडून पेस्टो, म्हणजे बेसिलची इटालियन चटणी, करून टाका. वाट बघण्यात अर्थ नाही.

भारतातून बी नेऊ नका. पेरणीचं बी तिकडे न्यायला रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं आणि आपला सब्जा या रोगाला दाद देणार नाही असं मुळीच नाही. शिवाय त्याचा वास अधिक उग्र, बडीशेपेकडे झुकणारा असतो. पेस्टोत तुम्हाला तो रुचेल का, शंका आहे. तुमच्या तर घराजवळच उपाय आहे. तुमच्याच राज्यातल्या रटगर्स विद्यापीठाने या रोगाला तोंड देणारे बेसिलचे वाण तयार करून २०१८ मध्ये बाजारात आणले. ‘ऑब्सेशन’, ‘डिव्होशन’ अशी नावं आहेत. तेच लावा. थंडी पूर्ण गेल्यावर, मे महिन्यात. तोडलेली पानं फ्रीजमध्ये ठेवू नका, काळी पडतात; काड्या पाण्यात उभ्या करून ओट्यावर ठेवा.

आमच्याकडे कबरीवर सब्जा लावतात. दर वर्षी नवीन रोप आणून लावतो, उन्हाळ्यात जळतं. रोज पाणी घालायला जाणं होत नाही. काही उपाय?
*एक वाचक, मिरज*

भाईजान, तुमच्यासाठी उपाय अगदी सोपा आहे : शेंडे खुडू नका, फुलं काढू नका आणि वाळलेलं झाड उपटू नका. हिवाळ्यात मंजिऱ्या वाळतात तेव्हा हाताने चोळून बी तिथेच पडू द्या. वरून बोटभर पालापाचोळा असू द्या, म्हणजे चिमण्या आणि मुंग्या सगळं बी नेणार नाहीत. वळवाच्या सरी झाल्या की तेच बी रुजतं. दाट आलं तर विरळ करा. उन्हाळ्यात रोप जगवण्याचा आटापिटा सोडून द्या, मिरजेच्या एप्रिलात पाण्याशिवाय ते जगणार नाही.

शेताच्या बांधावर श्रावणात पांढऱ्या फुलांचे गेंद असलेलं झाड येतं. चुरगाळलं की वास येतो. हाच का सब्जा?
*एक वाचक, बुलडाणा जिल्हा*

नव्हे, तो तुंबा, ज्याला संस्कृतात द्रोणपुष्पी म्हणतात. कुळ तेच, फुलाचा रंग तोच, पण सब्जाची फुलं लांब मंजिरीवर विरळ असतात आणि तुंब्याची एका जागी गच्च. तुंब्याच्या फुलाचा खालचा ओठ मोठा आणि वरचा लहान, लवदार. तुमच्याकडेही श्रावणी सोमवारी महादेवाला वाहत असतील. त्याची लागवड करायची गरज नाही, पेरल्याशिवाय भरपूर येतो. त्याचं बी सरबतात घालू नका.

बाल्कनीत सब्जाची कुंडी ठेवली की डास येत नाहीत म्हणतात. खरं आहे?
*एक वाचक, ठाणे*

पानं चुरगाळल्यावर सुटणाऱ्या तेलाने डास दूर जातात हे खरं. नुसती उभी कुंडी एवढं तेल हवेत सोडत नाही. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू दिलंत तर तिथेच डास होतील. बशी रिकामी करा आणि जाळी लावून घ्या.

बी घरी कसं काढायचं आणि किती खायचं? माझी जाऊ म्हणते सब्जा आणि चिया एकच.
*एक वाचक भगिनी, नाशिक*

एकच नाही. चिया मूळचा मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा, पुदिन्याच्याच कुळातला पण दूरचा. दाणे बघा : चिया करडा, ठिपकेदार, गुळगुळीत, सब्जा काळा, मंद, थोडा लांबट. पाण्यात टाकलात की सब्जा दहा मिनिटांत फुगतो, चिया रेंगाळतो.

बी काढायला तपकिरी मंजिऱ्या कापून जुन्या सुती लुगड्यावर सावलीत चार-पाच दिवस पसरा. मग तळहातांत चोळा, मोठ्या भोकांच्या चाळणीने काड्या काढा आणि पंखा बंद करून सुपात पाखडा. कोशाची साल आणि बी यांच्या वजनात फार फरक नसतो, त्यामुळे जोरात पाखडलंत तर दोन्ही उडतील. हलक्या हाताने, थोडं थोडं. उरलेला कोंडा चहाच्या गाळणीतून जातो. ओला हात अजिबात लावू नका. बी एक दिवस ऊन दाखवून कोरड्या काचेच्या बरणीत ठेवा, त्यातलं पुढच्या पेरणीचं आधीच पुडीत बांधून नाव-महिना लिहून बाजूला काढा, नाहीतर सगळं फालुद्यात जातं.

खायला एका माणसाला चहाचा एक चमचा पुरे, पेलाभर पाण्यात पूर्ण फुगवून. कोरडं बी तोंडात टाकून वर पाणी पिण्याचा प्रकार मी काही घरांत पाहिला आहे, तो करू नका. घशात फुगून अडकतं. लहान मुलांना द्यायचं तर चांगलं फुगलेलं, पातळ सरबतात, आणि तेही समोर बसून.